रोमिओ-ज्युलिएट: दोष घाईचा की नशिबाचा?

जळगावकर: कॉलेजच्या एकांकिकेसाठी हे नाटक पाऊण तासात बसवायचंय. घाईची जबाबदारी रोमिओवर ठेवायची, तर काय कापू नये?

धुळेकर: ज्युलिएटचा मामेभाऊ टिबॉल्टचा खून. रोमिओ-ज्युलिएटच्या गुपचूप लग्नाला जेमतेम तास झालेला. रोमिओ आधी लढायला नकार देतो, मित्र मर्क्युशिओ टिबॉल्टच्या हातून मेल्यावर त्याचा तोल जातो. हद्दपारी त्यातूनच.

भुसावळकर: भाऊ, आठवड्याचे वार सांभाळा. रविवार ते गुरुवार पहाट, एवढंच नाटक. ज्युलिएटचा बाप कॅप्युलेट तिचं पॅरिसशी ठरवलेलं लग्न गुरुवारवरून बुधवारी ओढतो, म्हणून तिला ४२ तास मेल्यासारखं ठेवणारं औषध एक रात्र आधीच पोटात जातं. ज्युलिएटला १४ही पूर्ण नाहीत, तिच्या माथी मारू नका.

धुळेकर: औषधाचा बेत रोमिओला कळवणारं, पण प्लेगच्या बंदीत अडकलेलं पत्रही ठेवा, नाहीतर खापर पोरांवरच. आणि त्यांचं लग्न लावणारा, औषध देणारा, शेवटी थडग्यातून पळणारा पाद्री लॉरेन्स? तो तर जाणता माणूस!