लॅपटॉप तापतो म्हणून प्रोसेसरचा वेग बांधून ठेवावा का?

धागाकर्ता:
लिनक्सवरील लॅपटॉप तापत असेल, तर सर्वांत आधी टर्बो (गरजेनुसार प्रोसेसरचा वेग नेहमीच्या पातळीपलीकडे नेणारी सोय) बंद करावा, असे माझे ठाम मत आहे. प्रोसेसरला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. टर्बोमध्ये वरचा थोडासा वेग मिळवण्यासाठी व्होल्टेजही चढवावे लागते, त्यामुळे काम जेमतेम लवकर होते आणि उष्णता मात्र भरमसाट वाढते. माझ्या इंटेलच्या लॅपटॉपवर मोठा प्रोग्राम कंपाइल करताना (म्हणजे कोडपासून चालण्याजोगा प्रोग्राम बनवताना) 'सेन्सर्स' ही कमांड ९६ अंश दाखवत होती. 'इंटेल_पीस्टेट' या प्रोसेसरचा वेग सांभाळणाऱ्या ड्रायव्हरच्या 'नो_टर्बो' या फाइलमध्ये १ लिहिल्यावर तापमान ७४ अंशांवर स्थिरावले आणि पंख्याची घरघर थांबली.

प्रतिसाद १:
आपण ताप उतरवलात, पण दुखणे तसेच राहिले. गेल्या महिन्यात मी माझ्या लॅपटॉपचे मागचे झाकण उघडले, तेव्हा पंखा आणि तांब्याच्या नळीला जोडलेल्या पातळ पत्र्या यांच्यामध्ये धुळीचा नमद्यासारखा घट्ट थर बसला होता. तो काढून प्रोसेसरची उष्णता नळीकडे पोचवणारी थर्मल पेस्ट नव्याने लावल्यावर टर्बो चालू असूनही तापमान आटोक्यात आले. शिवाय काम झटपट उरकून प्रोसेसरने गाढ निद्रावस्थेत जावे, यातच विजेची बचत आहे.

धागाकर्ता:
सफाई मीही केली होती, आणि ती आधी करायला हवी हे आपले म्हणणे मी मान्य करतो. मात्र झटपट उरकण्याचा मुद्दा वेब पान उघडण्यासारख्या क्षणभराच्या कामाला लागू पडतो. तासभर चालणाऱ्या कंपाइलमध्ये प्रोसेसरला झोपायला उसंतच मिळत नाही.

प्रतिसाद २:
दोघांच्याही बोलण्यात गव्हर्नरचा, म्हणजे वेग कधी किती ठेवायचा हे ठरवणाऱ्या धोरणाचा, विषय आला नाही, आणि नेमकी तिथेच अनेकांची फसगत होते. 'पॉवरसेव्ह' हा गव्हर्नर निवडला की वेग किमान पातळीवर राहील, असा समज आहे. 'एसीपीआय-सीपीयूफ्रीक' ड्रायव्हरवर तसे घडते. पण २०१३ साली लिनक्सच्या कर्नल ३.९ मध्ये आलेल्या 'इंटेल_पीस्टेट'च्या सक्रिय पद्धतीत त्याच नावाखाली वेग कामाच्या भारानुसार वरखाली होतो आणि टर्बोपर्यंतही जातो. म्हणून केवळ गव्हर्नर बदलून लॅपटॉप थंड होण्याची वाट पाहू नये. टर्बो सरसकट बंद करण्यापेक्षा 'स्केलिंग_मॅक्स_फ्रीक' या फाइलमध्ये कमाल वेग थोडा थोडा उतरवत तापमान पाहावे, असे मला वाटते. हे बदल रीस्टार्टनंतर पुसले जातात. कायम ठेवायचे असल्यास 'टीएलपी' या वीज वाचवणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये लिहावेत, आणि तिथे बॅटरी व चार्जर यांसाठी वेगवेगळ्या मर्यादाही देता येतात.