‘चेहऱ्याची शीर’ आणि मानेतला रिफ्लेक्स: मराठीत नेमकं काय लिहावं?

दापोली: फिजिओथेरपीच्या एका मजकुराचं मराठी करत्ये. विषय असा की, माणसाच्या फेशियल नर्व्हला उत्तेजना दिली की मानेच्या स्नायूंत रिफ्लेक्स, म्हणजे आपोआप होणारी प्रतिक्रिया, उमटतो. ‘चेहऱ्याची शीर’ लिहू का? आणि रिफ्लेक्सला ‘मानेला बसणारा झटका’ चालेल?

मालवण: शीर नको गो. आमच्याकडे मान आखडली तरी ‘शीर चढली’ आणि सुई टोचणारीला रक्तवाहिनी मिळाली नाही तरी ‘शीर गावना नाय’. वाचणाऱ्याने काय समजायचं?

वेंगुर्ला: शाळेच्या पुस्तकातलं ‘चेतातंतू’ घ्या, विश्वकोशी ‘तंत्रिका’ही चालेल. मात्र मशीनकडून भाषांतर घेत असाल तर ‘स्नायू’ तपासा. हिंदीत ‘स्नायु’ म्हणजे नर्व्ह, आपल्याकडे मसल. असली सरमिसळ झालेली पत्रकं मी पाहिली आहेत, हसावं की रडावं कळत नाही.

रत्नागिरी (फिजिओ): शब्दाआधी नर्व्ह कुठली ते बघा. ‘फेशियल नर्व्ह’ हे मेंदूतून निघणाऱ्या नर्व्हपैकी सातव्या नर्व्हचं नाव, तिचं मुख्य काम चेहरा हलवणं. चेहऱ्याचा स्पर्श मेंदूकडे नेते ती पाचवी, ट्रायजेमिनल, मराठीत त्रिमूल. भुवईपाशी विजेचा हलका स्पंद देतात तो त्रिमूलच्या फांदीला. संदेश मस्तिष्कस्तंभात, म्हणजे मेंदूच्या खालच्या देठात, जातो आणि तिथून सातवीवाटे डोळा मिटतो. पहिला प्रतिसाद त्याच बाजूला, साधारण 10 मिलिसेकंदांत. दुसरा 30 च्या पुढे, दोन्ही डोळ्यांत. मानेची वाट वेगळी: कानामागून छातीच्या हाडाकडे उतरणाऱ्या स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइडला हुकूम येतो अकरावीकडून.

आणि ‘झटका’ तर अजिबात नको. त्रिमूलच्या डोळ्याखालच्या फांदीला उत्तेजना दिली तर आधीपासून आवळून धरलेल्या या स्नायूचं काम सुमारे 20 मिलिसेकंदांनी क्षणभर दबतं. रिफ्लेक्स म्हणजे दरवेळी उसळीच, असं नाही.

हर्णै: होडीत तोंडावर पाणी फुटलं की मान मागे जाते, ती हीच क्रिया ना?

रत्नागिरी (फिजिओ): त्यात हिचा वाटा असतो. पण लाट येताना दिसली म्हणून आधीच मान वळवलीत, तर तो डोळ्यांचा आणि सवयीचा भाग. प्रयोगशाळेत एकच फांदी, एकच स्पंद, म्हणून वेळ मोजता येतो.

दापोली: मग सातवीलाच उत्तेजना दिली तर मानेत काहीच नाही?

रत्नागिरी (फिजिओ): होतं की. मानेच्या कातडीखालचा पातळ प्लॅटिझ्मा सातवीच्याच ताब्यात. कानाखाली तिला स्पंद दिला तर तो आवळतो, पण ते सरळ आकुंचन. संदेश मस्तिष्कस्तंभात जाऊन परतलेला नसतो, म्हणून त्याला प्रतिक्षिप्त, म्हणजे रिफ्लेक्स, म्हणता येत नाही.

वेंगुर्ला: ‘प्रतिक्षिप्त’ म्हणजे उलट फेकलेलं. इथे ते अगदी चपखल बसतं.

दापोली: मूळ मजकूर पुन्हा पाहिला. स्पंद भुवईवर दिलाय, म्हणजे पाचवीच. असं लिहित्ये: ‘चेहऱ्यावरील त्रिमूल चेतातंतूच्या उत्तेजनाने मानेच्या स्नायूंत होणारी प्रतिक्षिप्त क्रिया’. स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइडला मराठी कुणी सुचवेल का?

मालवण: तो तसोच ठेव. एकदा ‘मानेच्या बाजूचा मोठा स्नायू’ असं सांगितलंस की झालं.