दुसऱ्याच्या ताटाला नावं ठेवणं: चोखंदळपणा की शिष्टपणा?

रामबागची सून

गेल्या रविवारी पुण्याहून भाऊजी, जाऊबाई आणि त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा इंदूरला आले होते. सकाळी सगळ्यांना घेऊन छप्पन दुकान या खाऊगल्लीत गेले. पोहे-जिलबी सांगितली. मुलानं पहिला घास घेतला आणि एकदम म्हणाला, "काकू, यात बडीशेप आहे!" ती आपल्याला सापडली याचा त्याला कोण आनंद झाला होता. तेवढ्यात भाऊजी म्हणाले, "बाळा, याला पोहे नाही म्हणत, ही भेळ झाली. पोहे म्हणजे कांदा, ओलं खोबरं, वर लिंबू. आणि पोह्यांबरोबर जिलबी कोण खातं?"

मुलानं वरची सेव चमच्यानं हळूहळू प्लेटच्या कडेला सारली. उरलेले पोहे तसेच ठेवले. जिलबीला हात लावला नाही. भूक नाही म्हणाला.

मला तेव्हापासून चैन नाही. आमच्याकडच्या पोह्यांना कारण आहे हो. परातीखाली उकळत्या पाण्याचं भांडं असतं आणि पोहे सकाळभर वाफेवर राहतात. त्यामुळे तेल कमी लागतं, दाणा मऊ राहतो. मऊ दाण्याला कुरकुरीत काहीतरी हवं म्हणून सेव. आंबट-तिखट हवं म्हणून वरून जीरावन मसाला. आणि एवढं चटपटीत खाल्लं की तोंडाला गरम जिलबी हवीच. घरी मीही कांदा-खोबऱ्याचेच पोहे करते, ते मला आवडतातच. पण आवडलं नाही तर खाऊ नये. दुसरा खात असताना त्याच्या घासाला नाव ठेवणं याला मी शिष्टपणाच म्हणते, चोखंदळपणा नाही. तुमचं काय मत?

सराफा साडेदहा

वहिनी, मुलासमोर बोलायला नको होतं, हे पहिल्यांदा कबूल करतो. पण पुढचं मला मान्य नाही. हल्ली चवीबद्दल कुणी ब्र काढला की त्याला शिष्ट ठरवतात आणि "ज्याची त्याची आवड" म्हणून विषय संपवतात. त्यानं आपल्या गावाचं नुकसान होतंय.

माझं लहानपण सराफ्यामागच्या गल्लीत गेलं. रात्री सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांवर कढया चढायच्या. भुट्टे का कीस तेव्हा देशी मक्याचा असायचा. कोवळं पण दाणा भरलेलं कणीस हातानं किसायचं, तुपात मोहरी, हिंग, हिरवी मिरची, मग मंद आचेवर परतत परतत दूध घालायचं. देशी मक्यात पिठूळपणा असतो, तो दूध धरून ठेवतो. कीस चमच्यावर उभा राहतो. आता बऱ्याच ठिकाणी स्वीट कॉर्न वापरतात. त्यात साखर जास्त, पिठूळपणा कमी, म्हणून कीस पातळ आणि गोडमिट्ट होतो. मग तो गोडवा झाकायला वरून लिंबू आणि मसाला मारतात.

मागच्या महिन्यात एका गाडीवर मी विचारलं, "भिया, मक्का देसी नहीं है क्या?" तो म्हणाला, "सब खा तो रहे हैं।" त्याचं काय चुकलं? दहा जण येतात, फोटो काढतात, छान म्हणतात आणि जातात. विचारणारे राहिलेच नाहीत, तर तो देशी मका कुणासाठी शोधेल? नावं ठेवणारी माणसं होती म्हणून सराफ्याची चव टिकली.

फरियाली

मी वहिनींच्या बाजूनं. "अस्सल" या शब्दाचा मला मनापासून राग येतो, कारण तो ज्याच्या त्याच्या आजीच्या स्वयंपाकघरापाशी संपतो.

आपल्या एकादशीची साबुदाणा खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची, चारही अमेरिका खंडातून आलेली. पोर्तुगीज इथं यायच्या आधीच्या कुठल्याच आजीनं ही खिचडी केलेली नाही. आज तो साबुदाणा बहुतेक तमिळनाडूत सेलमकडे तयार होतो आणि आपण तो चातुर्मासात सोवळ्यात खातो. मला ते अजिबात खटकत नाही, उलट आवडतं. मग इंदुरात तीच खिचडी वाफेवर ठेवून, वर फरियाली, म्हणजे उपवासाचं, मिक्चर आणि लिंबू घालून दिली, तर पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांनी "ही काय खिचडी आहे?" असं का म्हणावं? माझ्या सासूबाई दर एकादशीला राजवाड्याजवळून ती मागवतात आणि कढईतली तुपाची खिचडीही घरी करतात. दोन्ही संपतात.

सराफा साडेदहा

फरियाली ताई, मूळ कुठलं हा माझा मुद्दाच नाही. बटाटा कुठूनही येवो. तो नीट शिजला की नाही, एवढंच मी विचारतो. तुमची वाफेवरची खिचडी मला पण आवडते, पण साबुदाणा नीट भिजलेला नसेल आणि दाताखाली कच्चा लागला, तर मी तिथंच सांगणार. वेगळं असणं आणि बिघडलेलं असणं यात फरक करता आला पाहिजे. भाऊजींना तो करता आला नाही, एवढंच.

विजयनगर

तुम्ही सगळे गाड्यांबद्दल बोलताय. खरा शिष्टपणा मला एसी हॉटेलात दिसतो, आणि तो दोन्ही बाजूंनी असतो.

पहिला पगार झाला तेव्हा मी आई-बाबांना एका मोठ्या रेस्टॉरंटमध्ये नेलं. बाबा मेन्यूकार्ड उजवीकडून वाचत होते, आधी किंमत, मग पदार्थ. वेटरनं विचारलं, "सर, मिनरल वॉटर या रेग्युलर?" त्यातला "रेग्युलर" त्यानं असा काही उच्चारला की बाबांनी लगेच मिनरल सांगितलं. घरी माठाचंच पाणी पिणारा माणूस! मग त्यांनी दाल आणि जीरा राइस मागवला, तर तो म्हणाला, "बस इतना ही?" बिलात पाच टक्के जीएसटी होता, तो बरोबर आहे. पण वर दहा टक्के सर्व्हिस चार्जही लावला होता. ग्राहकाला न विचारता तो बिलात घालायचा नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्येच सांगितलंय आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये ते उचलून धरलं. मी तो काढायला लावला. बाबा टेबलाखालून माझा हात दाबत होते, "राहू दे गं." बाहेर येईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मी बरोबर होते, पण त्या दिवशी त्यांचं जेवण गेलं ते गेलंच.

आणि दुसरी बाजू आमच्या काकांची. मी मैत्रिणींबरोबर पास्ता खाल्ला असं सांगितलं की म्हणतात, "एवढ्या पैशात घरी चार जणांचं वरणभात-भाजी झालं असतं. मैद्याच्या नळ्या त्या!" काका, मी कमावते, मला त्या नळ्या आवडतात. साधं खाणाऱ्याला खाली बघणं आणि महाग खाणाऱ्याला बावळट समजणं, दोन्ही मला सारखंच टोचतं.

सराफा साडेदहा

वेटरबद्दल शंभर टक्के सहमत. तो चवीचा प्रश्नच नव्हता, माणसाची किंमत करण्याचा होता.

पंगत

मी लोकमान्य नगरात राहते, बरीच वर्षं मुंजी-लग्नांची स्वयंपाकाची कामं घेते. जेवू घालणाऱ्याच्या बाजूनं लिहिते.

पंगतीत सगळे "छान झालंय" म्हणतात. घरी जाताना रिक्षात खरं बोलतात. ते माझ्यापर्यंत कधीच येत नाही, पण पुढचं काम मात्र जातं. एकदा एका मुंजीत दाल-बाफले होते. बाफले म्हणजे कणकेचे गोळे, ते आधी पाण्यात उकडायचे, वर तरंगले की काढायचे, मग भट्टीत भाजून तुपात बुडवायचे. त्या दिवशी गडबडीत एक घाणा लवकर काढला गेला. वाढून झाल्यावर एक आजोबा ताटातला अर्धा बाफला वाटीत घेऊन सरळ मागे भट्टीपाशी आले. हळू आवाजात म्हणाले, "बाई, हे बघा." बाफला मोडून दाखवला. मधे रुपयाएवढा पांढरा, ओलसर गोळा होता. मी उरलेले सगळे परत भट्टीत घातले, पंगत वीस मिनिटं थांबवली. यजमान माझ्यावर चिडले. आजोबा मात्र पुन्हा पाटावर बसले आणि दोन बाफले खाल्ले.

तेव्हापासून मी प्रत्येक घाण्यातला एक बाफला मोडून बघते. म्हणून मला नावं ठेवणारे हवे आहेत. फक्त त्यांनी माझ्याकडे यावं. शेजारच्या पानावर बसलेल्याला सांगून काय होणार? त्याचाही घास कडू, आणि बाफला कच्चा तो कच्चाच.

फरियाली

पंगत ताई, आजोबांना आत यायचं धाडस होतं. सगळ्यांना नसतं. आणि "मी तर कलेसाठी बोलतो" म्हणून तासभर जेवणाची चिरफाड करणारेही मी खूप पाहिलेत. त्यांना मी अजूनही शिष्टच म्हणेन.

रामबागची सून

सगळ्यांचं दोनदा वाचलं. सराफा साडेदहा, देशी मक्याचं तुमचं म्हणणं पटलं. मी स्वतः गेली काही वर्षं स्वीट कॉर्नचा कीस मुकाट्यानं खाते आहे, आणि आपल्याकडचा म्हणून पाहुण्यांना कौतुकानं वाढतेही, हे लिहिताना लक्षात आलं. आता विचारीन. भाऊजींच्या बाबतीत मात्र माझं मत तेच आहे. पोहेवाल्याला त्यांनी काहीच सांगितलं नाही. जे बोलले ते नऊ वर्षांच्या मुलाला, आणि त्याला नुकतीच बडीशेप सापडली होती.

जाताना त्याच्या दप्तरात मी जीरावनची पुडी घातली आहे, वर चिठ्ठी लिहून: पेरू आणि काकडीवरही छान लागतं.

आणि देशी मका नक्की कुठं मिळतो ते सांगा ना. सराफ्यात कुणी अजून करतं का?

सराफा साडेदहा

गाडीवर विचारून घ्या, नावावर जाऊ नका. आधी किसायच्या आधीचं कणीस दाखवायला सांगा. नखानं दाणा दाबला की दाट दूध आलं तर तो देशी, नुसतं गोड पाणी आलं तर स्वीट कॉर्न. खरा हंगाम पावसाळ्याचा. खेड्यातून कणसं यायला लागली की आमच्या घरी दर शनिवारी किसणी निघते. भाऊजींना घेऊन या, मुलाला किसायला बसवू.