थायमसमधील टी-पेशी सीडी४ होणार की सीडी८, हे कसे ठरते?

प्रश्न: थायमसमध्ये (छातीतील एक ग्रंथी) घडणाऱ्या टी-पेशीवर (रोगप्रतिकारक पांढरी पेशी) एका टप्प्यात सीडी४ आणि सीडी८ ही दोन्ही प्रथिने असतात, मग शेवटी एकच का उरते?

उत्तर १: रिसेप्टरकडून (पेशीवरील ओळख पटवणारे प्रथिन) संकेत मिळताच पेशी आधी सीडी८ कमी करते. एमएचसी हे इतर पेशींवर प्रथिनांचे तुकडे दाखवणारे रेणू, त्यांचे प्रकार १ आणि २. तिचा रिसेप्टर एमएचसी-२ ओळखणारा असेल, तर संकेत चालूच राहतो आणि ती मदतनीस, म्हणजे सीडी४ पेशी होते; एमएचसी-१ ओळखणारा असेल, तर संकेत तुटतो आणि इंटरल्युकिन-७ या संदेशवाहक प्रथिनाच्या आधाराने ती सीडी८च्या वाटेला लागते.

प्रश्नकर्ता: हा निर्णय पेशीच्या आत कोण पक्का करते?

उत्तर २: थीपॉक (सीडी४ची वाट पक्की करणारे) आणि रन्क्स३ (सीडी८ची) ही जनुके चालू-बंद करणारी प्रथिने, जी एकमेकांना दाबतात. थीपॉकमध्ये एकच अमिनो आम्ल बदललेल्या उंदरांत एमएचसी-२ ओळखणाऱ्या पेशीही सीडी८कडे वळतात, हे २००५ मध्ये उलगडले. मला हाच पुरावा सर्वांत बोलका वाटतो.