‘शेपट्या कापून देणारा कंपाउंडर सांगा’ म्हणणाऱ्यांना

मुग्धा (तिलकनगर): काल इथे पोस्ट होती: ‘आमच्या डॉबरमनला पिल्लं झालीत, तीन दिवसांची आहेत. इंदुरात शेपट्या कापून देणारा माहितीचा कंपाउंडर सांगा. शेपटीवालं पिल्लू कोणी घेत नाही.’ खाली लोकांनी पटापट नंबर दिले! का कापायची, हे एकानेही विचारलं नाही. शेपटीत मणके असतात, नसा असतात. भूल न देता कात्री चालवायची, नाहीतर रबर आवळून ती सुकून गळेपर्यंत वाट बघायची. कशासाठी, तर रुबाब! ज्या जर्मनीतली ही जात, तिथे कान कापणं १९८७ पासून आणि शेपूट कापणं १९९८ पासून बंद आहे.

बाळासाहेब: ती पोस्ट माझी. ताई, जर्मनीत शिकारी कुत्र्यांना सूट आहे, ते बरं गाळलंत. आमच्याकडे वडिलांपासून कुत्री आहेत. आधीच्या कुत्रीची शेपूट हौसेने ठेवली होती. दारावर, पलंगावर आपटून टोक फुटायचं, भिंतीवर रक्ताचे शिंतोडे, पट्टी म्हणून टिकत नव्हती. शेवटी मोठेपणी कापावीच लागली. ते हाल आम्ही काढलेत. तीन दिवसांचं पिल्लू एकदा कुंई करतं आणि आईला लुचायला लागतं.

महूकर: लुचायला लागलं म्हणजे दुखलं नाही, हे कुठलं शास्त्र? महूच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकलोय, म्हणून बोलतो. ब्रिटनमध्ये १ लाख ३८ हजारांवर कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या होत्या, २०१० मध्ये छापून आलं. शेपटीच्या जखमा निघाल्या २८१. एक जखम टळावी म्हणून सुमारे ५०० शेपट्या कापाव्या लागतील, असा हिशेब होता. आणि आपला १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा बघा: कलम ११ मध्ये खच्चीकरण, डागणं, वेसण यांना ठरावीक पद्धतीने करण्याची सूट लिहिली आहे. शेपूट कापणं त्यात नाही.

बाळासाहेब: आणि त्याच कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. छप्पन दुकानांच्या खाऊगल्लीत दोघांचा नाश्ता याहून महाग पडतो. घाबरलो!

आबा: घरच्या कुत्र्याच्या शेपटीसाठी एवढी रडारड, मग नसबंदी केलेल्या गल्लीतल्या कुत्र्यांच्या कानाला खाच पाडतात ते काय कानात डूल घालायला?

मुग्धा: आबा, ती खाच नसबंदीच्या वेळी, भूल दिलेली असतानाच पाडतात. नसबंदी झालेली लांबून ओळखू यावी म्हणून, पुन्हा धरून फाडू नये म्हणून.

आबा: ओळखून काय करू? सराफ्यातून रात्री परतलो की आमच्या वळणावर टोळी स्कूटरमागे लागते. पाय वर घेऊन गाडी चालवतो या वयात! मागच्या पावसाळ्यात पडलो, गुडघा अजून धरतो. चावणाऱ्याच्या कानाला खाच होती, छान दिसली. आणि काही बायका रोज चौकात बिस्किटं टाकतात.

केतकी: त्या बायकांतली एक मी. नसबंदीला कुत्री धरून देते कोण? रात्री जाळी घेऊन मीच उभी असते. तुम्ही खिडकीतून नुसतं खेकसता.

आबा: मग घरात न्या ना सगळी! पुण्य तुमचं, चौदा इंजेक्शनं आमची?

महूकर: चौदाचा जमाना गेला हो, आता चार-पाच डोस, तेही दंडात.

आबा: तुम्ही घ्या मग माझ्या वाटचे!

बाळासाहेब: भिया, विषय माझ्या पिल्लांचा होता. चला, मुग्धाताई, तुमचंच खरं. सगळ्या शेपट्या ठेवतो. न विकलेलं पहिलं पिल्लू तुमच्या दारात.

मुग्धा: आमचा फ्लॅट दोन खोल्यांचा आहे, आणि सोसायटीत…

बाळासाहेब: आलं लक्षात.

मुग्धा: सासूबाईंना विचारते. पण कापू नका.

आबा: ते राहू द्या. चौकातल्या टोळीचा अर्ज लिहिलाय, सह्या कोण करतंय?