जॉर्जियाचे बहुस्वरी लोकगायन: एक ओळख की अनेक?

प्रश्न
जॉर्जियातील तीन आवाजांच्या लोकगायनाला युनेस्कोने २००१ मध्ये, मौखिक वारशाच्या पहिल्याच घोषणेत, स्थान दिले आणि तेथील लोकही या गायनाला राष्ट्राची ओळख मानतात. परंतु काखेती, स्वानेती आणि गुरिया या प्रांतांतील गाणी लागोपाठ ऐकली, तेव्हा ती एकाच परंपरेतली आहेत असे मला तरी वाटेना. मग या ओळखीचा आधार कोणता?

पहिला प्रतिसाद
आपल्याला जाणवलेले भेद खरे आहेत. काखेतीच्या मेजवानीच्या गाण्यांत समूह खालचा स्वर धरून ठेवतो आणि त्यावर दोन गायक आळीपाळीने लांब, नक्षीदार ओळी गातात. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरून अंतराळात गेलेल्या तबकडीतले ‘चाक्रुलो’ याच घडणीचे आहे. स्वानेतीत आवाज बहुधा बरोबरीने सरकतात. गुरियात मात्र प्रत्येक जण आपली ओळ गाता गाता घडवतो आणि सर्वांच्या वर ‘क्रिमांचुली’, म्हणजे गळा झटक्याने पालटत गायलेला उंच आवाज, फिरत असतो.

माझ्या मते साम्य चालींत नसून कामाच्या वाटणीत आहे. मधला आवाज अनेकदा गाणे उचलतो. त्याचे नाव ‘म्त्कमेली’, अर्थात सांगणारा. खालचा ‘बानी’. (गाडीवानांची ‘उर्मुली’ एकट्याने गायची असते, हा अपवाद ध्यानात ठेवावा.)

दुसरा प्रतिसाद
वाटणीचा मुद्दा मान्य आहे; तथापि ‘राष्ट्राची ओळख’ हे रूप बऱ्याच अंशी रंगमंचाने दिले. सोव्हिएत काळात मोठी गायकवृंदे उभी राहिली आणि आन्झोर एर्कोमाइश्विली यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या ‘रुस्तावी’ संचाने वेगवेगळ्या प्रांतांची गाणी एकाच कार्यक्रमात, एकाच संचाच्या गळ्यातून ऐकवली. गावात शेजाऱ्याच्या ओळीला तिथल्या तिथे उत्तर देणे आणि ठरलेली ओळ तालमीत घोटणे, या दोन गोष्टी सारख्या नाहीत.

आन्झोर यांचे आजोबा आर्तेम यांचे १९६६ चे ध्वनिमुद्रण अवश्य ऐकावे. ती चर्चची स्तोत्रे आहेत, लोकगीते नव्हेत; पण साथीला जाणते गायक उरले नसल्याने त्यांनी एक आवाज मुद्रित केला, तो ऐकत दुसरा गायला आणि मग तिसरा.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मी आजवर केवळ वरचा आवाज ऐकत होतो. आता तीच गाणी बानीकडे लक्ष ठेवून पुन्हा ऐकतो.