भांडी घासायला प्लास्टिकशिवायचा साबण: स्टीलवर पांढरा थर राहतोय, उपाय सांगा

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आम्ही पेडण्याला राहतो, एकत्र कुटुंब आणि मासळी जवळजवळ रोज, त्यामुळे भांडी किती पडतात ते इथल्यांना सांगायला नकोच. आमच्या सिंकचं पाणी पाइपने सरळ परसातल्या केळी आणि माडांच्या बुंध्याशी जातं, म्हणून भांड्यांना काय लावतो ते बघावंच लागतं. शिवाय लिक्विडची ती रिफिल पाऊच, भंगारवाला हात लावत नाही तिला. बाजारातली वडी घ्यावी तर तीही प्लास्टिकच्या कागदात, आणि ती तशी साबण नसतेच, डिटर्जंट आणि दगडाची पूड.

तर सध्या खोबरेलाचा साबण वापरतोय. ओळखीच्या एक ताई घरी करतात आणि साध्या कागदात गुंडाळून देतात. खोबरेल, कॉस्टिक सोडा, पाणी, एवढंच. अंगाच्या साबणात तेल जरा शिल्लक ठेवतात तसं यात ठेवायचं नसतं, किलोभर खोबरेलाला साधारण १८३ ग्रॅम कॉस्टिक लागतो तो जवळपास सगळा घालायचा, म्हणजे भांड्यावरचं तेल नीट कापलं जातं. वडी महिनाभर तरी वाळवून मगच देतात. मला हा साबण मनापासून आवडलाय. सुक्या घोसाळ्याच्या जाळीवर दोनदा फिरवला की फेस होतो, तळलेल्या बांगड्याचा तवासुद्धा स्वच्छ निघतो आणि मे महिन्यात विहिरीचं पाणी मचूळ होतं तेव्हाही फेस मरत नाही, खोबरेलाच्या साबणाचा तो गुणच आहे.

अडचण पांढऱ्या थराची आहे. स्टीलचे पेले आणि काचेचे ग्लास वाळले की धुरकट दिसतात, नखाने खरवडलं तर मेणासारखं काहीतरी नखात येतं. नळाच्या पाण्याने धुतलं तर कमी, विहिरीच्या पाण्याने जास्त. पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला धरून साका बनवतं आणि तो पाण्यात विरघळत नाही, इतपत कारण कळलंय. शेवटच्या पाण्यात माडाचं विनागर घातलं तर ग्लास लख्ख होतात, पण एवढ्या सगळ्या भांड्यांना रोज कोण घालणार, आणि साबण लावलेला असतानाच घातलं तर साबण फुटून उलट चिकट होतं सगळं. कुणी म्हणतात धुण्याचा सोडा मिसळा, पण घरात अजून अॅल्युमिनियमचे टोप आहेत, ते सोड्याने काळे पडतात.

सासूबाई म्हणतात राख वापर. न्हाणीची चूल आमच्याकडे अजून पेटते त्यामुळे चाळलेली राख भरपूर आहे, नारळाच्या सोडणाने कढया आणि तवे त्या राखेनेच घासतात त्या आणि खरंच छान निघतात, राखेतला क्षारच तेलाला धरतो. पण काचेवर आणि नव्या स्टीलवर चरे पडतात, म्हणून तिथे साबणच हवा मला. मातीच्या कुंडल्यांना साबण लावतच नाही, माती तो पिऊन घेते, तिथे गरम पाणी आणि सोडण पुरतं.

आता विचारायचं ते असं, की साबण बनवतानाच सायट्रिक अॅसिड घातलं तर त्याचं सोडियम सायट्रेट होतं आणि साका कमी धरतो असं कळलंय, १० ग्रॅम सायट्रिकमागे सव्वासहा ग्रॅम कॉस्टिक जास्त घालावा लागतो हाही हिशोब आहे, तर भांड्यांच्या वडीत कुणी हे करून पाहिलंय का, किलोभर तेलाला किती घातलं आणि विहिरीच्या पाण्यात फरक पडला का? ताई करून द्यायला तयार आहेत, फक्त प्रमाण हवंय.

आणि पावसाळ्याचं काय करता? जून लागला की वडीला घाम फुटतो आणि खालून लगदा होतो, लाकडी जाळीच्या साबणदाणीला बुरशी धरते. करवंटीला भोकं पाडून ठेवून बघितली, पाणी निथळतं पण वडी सुकत नाही. किनाऱ्याजवळ राहणारे काय करतात ते सांगा प्लीज.

अजून एक, केळीला हे साबणाचं पाणी वर्षानुवर्षं चालतं का? यातलं सोडियम मातीत साठत असेल अशी भीती वाटते. पावसात धुऊन जात असेल, पण नोव्हेंबर ते मे काय? पोटॅशियमचा साबण झाडांना बरा, पण त्याची कडक वडी होत नाही. कुणाच्या परसात बरीच वर्षं असं पाणी जात असेल तर झाडं कशी आहेत ते नक्की लिहा.